पहिल्या हॉर्नची खुर्ची

एमिल झावादिलचा पुढचा दात हलायला लागला, तेव्हा त्यानं ते बायकोलासुद्धा सांगितलं नाही. हॉर्न वाजवणाऱ्याचा दात म्हणजे नुसता दात नव्हे. फुंकून वाजवायचं ते पितळी वेटोळं ओठांवर टेकवायचं, आणि ओठांना मागून आधार दातांचाच. तो गेला की वरचे सूर गेले. आणि हॉलिवूडच्या एका स्टुडिओच्या वाद्यवृंदात एमिल पहिला हॉर्न, म्हणजे हॉर्नवाल्यांतला मुख्य वादक होता, तो वरच्या सुरांच्याच जोरावर.

पोटावर पाय येणं त्यानं एकदा भोगलं होतं. मूकपटांच्या काळात तो आयोवात, सीडर रॅपिड्सच्या थिएटरात पडद्यापुढं बसून वाजवायचा. बोलपट आले आणि सगळा ताफाच रस्त्यावर आला. मग ओटच्या गिरणीत पोती उचलली. बायकोनं, रूझेनानं, लोकांचे कपडे धुतले. पुढं त्याच बोलपटांना वाजवणारे हवेत असं कळलं, तेव्हा दोघं जुन्या गाडीत संसार भरून कॅलिफोर्नियाला आली.

दुसरं महायुद्ध संपल्यानंतरचा तो उन्हाळा. ज्याचं संगीत मुद्रित करायचं होतं, त्या चित्रपटात नायक घर सोडून निघतो, बायको दारात उभी असते, पण एक शब्द बोलत नाही. तिचं सगळं बोलणं एकट्या हॉर्ननं बोलायचं. शेवटचा सूर उंच, अगदी हळू, आणि घोडेस्वार टेकडीआड जाईपर्यंत धरून ठेवायचा.

मुद्रणाचा लाल दिवा लागला. वादकांच्या पाठीमागं पडद्यावर चित्र सुरू झालं. एमिलनं सूर उचलला, चढवला, आणि तो फुटला.

पुन्हा घेतलं. पुन्हा फुटला. मागून कुणीतरी पुटपुटलं, "आज जेवण मिळायचं लक्षण दिसत नाही."

संगीत दिग्दर्शक केस्टनर यांनी छडी खाली ठेवली. "मिस्टर झावादिल, ती बाई नवऱ्याला निरोप देतेय. कोंबडं आरवत नाहीये."

सगळे हसले. एमिलही हसला. त्याच्या तोंडात रक्ताची चव होती.

सुट्टीत त्यानं हेझलला कॉफीच्या टेबलापाशी गाठलं. हेझल ब्रँडवोल्ड त्याच्या शेजारी बसायची, दुसरा हॉर्न. नवरा युद्धात गेलेला, पदरात एक मुलगी.

"दात पडायला आलाय माझा," तो म्हणाला. "तू वाजव. मी नुसता तोंडाला लावून बसतो. केस्टनर पडद्याकडं बघत असतात, कुणाला कळायचं नाही."

"वेडा झालायस का? पुढच्या वेळी काय करशील?"

"पुढचं पुढं बघू. हेझल, हात जोडतो. मला आता पोती उचलवणार नाहीत."

हेझलनं कप खाली ठेवला. "खोटं कशाला बोलू, एमिल? तुझी खुर्ची मला हवीय. बाईमाणसाला पहिली जागा देत नाहीत म्हणून इतकी वर्षं तुझ्या बाजूला बसलेय. पण अशी चोरून नको. तू सांग त्यांना. उघड सांग."

एमिल आत गेला. त्याला आणखी एकदा वाजवून बघायचं होतं. दिवा लागला. सूर चढला, क्षणभर टिकला, आणि मग नुसती हवा आली. दात जिभेवर पडला होता.

तो उठून उभा राहिला. रुमाल तोंडाला लावून म्हणाला, "मिस्टर केस्टनर, हे हेझल वाजवेल."

कुणी हसलं नाही. दोघांनी खुर्च्या बदलल्या. हेझल वाजवायला लागली, आणि शेजारी बसलेल्या एमिलच्या मनात आलं, हिचाही फुटू दे. देवा, एकदाच फुटू दे.

फुटला नाही. तो सूर इतका हळू लांबत गेला, की व्हायोलिनवाल्यांनी नंतर स्टँडवर गज आपटून तिला दाद दिली. एमिलनंही दाद म्हणून पाय आपटला. तेवढं तरी करायलाच हवं होतं.

वर्षअखेरीला स्टुडिओनं त्याचा करार पुढं चालवला नाही. कवळी बसवली, पण हॉर्न ओठांवर टेकवला की ती हलायची.

चित्रपट लागला, तेव्हा रूझेना हट्टानं त्याला घेऊन गेली. "बघू तरी," ती म्हणाली, "कशापायी गेली नोकरी ती."

नायक घोड्यावर चढला. बायको दारात आली. वारा ऐकू आला, घोड्याच्या टापा ऐकू आल्या. बाकी काही नाही. घोडेस्वार टेकडीआड गेला.

"कधी येणार ते?" रूझेनानं विचारलं.

"काढून टाकलं."

"म्हणजे?"

"संगीताशिवाय बरं वाटलं असेल त्यांना."

"आणि तुझं काय?" ती इतक्या मोठ्यानं म्हणाली, की पुढच्या रांगेतल्या बाईनं मागं वळून पाहिलं. रूझेना तोंडावर हात दाबून बसली. एमिलला वाईट वाटत होतं ते वेगळंच. दृश्य खरोखर चांगलं झालं होतं.

बाहेर आल्यावर त्यानं कोपऱ्यावरच्या, कॉफीही मिळणाऱ्या औषधाच्या दुकानातून हेझलला फोन लावला.

"पाहिलास?" तिनं आवाजावरूनच ओळखलं. "मला वाटलं होतं, तू जाऊ नयेस."

"तू सुंदर वाजवलं होतंस. तेव्हा मी म्हणालो नव्हतो."

"एमिल," ती म्हणाली, "मला अजून पहिली खुर्ची दिलेली नाही. न्यूयॉर्कहून कुणी माणूस आणलाय. मी पुन्हा दुसरीच."

दुकानदार खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवत होता. सोमवारी एमिलला बर्बँकच्या फर्निचरच्या गोदामात कामासाठी विचारायला जायचं होतं.

"मुलगी कशी आहे?" त्यानं विचारलं.