आधी आपली चूक

बिभीषणचं घर कन्नडजवळच्या खेड्यातलं, मेंढ्या राखणारं. तो इंजिनिअर झाला, वाळूजच्या कारखान्यात लागला आणि एका सकाळी त्याला मॅनेजर केलं. काल ज्यांच्या डब्यातली भाजी खाल्ली, त्यांनाच आता कामावरून बोलायचं होतं. ते कसं बोलायचं, हे कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

म्हणून त्यानं आणि कॉलेजातल्या प्रणयनं इंटरनेटवर मदतकोश सुरू केला. इंजिनिअरिंग मॅनेजरांनी आपले अनुभव लिहायचे. दुसऱ्यांनी त्यात भर घालायची, चुकलं तिथं दुरुस्त करायचं. वाचायला सगळ्यांना मोकळं. संगणकाची बाजू प्रणयकडं. माणसं जमवायचं काम बिभीषणकडं. शिफ्ट सुटली की तो मॅनेजर भेटतील अशा चहाच्या टपऱ्या धुंडाळायचा.

नियम त्याचाच होता. सल्ला देण्याआधी आपली एक चूक लिहायची. लिहिणाऱ्याचं नाव फक्त कोशाच्या आत राहील, वाचणाऱ्याला पानावर दिसणार नाही. लोक बिचकायचे.

"नाव फुटणार नाही. माझा शब्द," तो म्हणायचा. मग लोक लिहायचे.

शेंद्र्याच्या कारखान्यातली रूपा फार दिवस टाळत राहिली. शेवटी तिनंही लिहिलं. तिच्या सहीनं सदोष माल बाहेर गेला होता. तो परत आला तेव्हा तिनं एका कामगाराकडं बोट दाखवलं. त्याची नोकरी गेली. ती गप्प राहिली. कोशात सगळ्यात जास्त वाचलं गेलं ते हेच पान.

मग प्रणय एका प्रशिक्षण कंपनीत मोठ्या पदावर गेला. जाताना अख्खा कोश घेऊन गेला, आतल्या नावांसकट. ती कंपनी रूपाच्या साहेबांकडं काम मागायला गेली. तुमच्या मॅनेजरांना शिकवण्याची कशी गरज आहे, हे दाखवायला त्यांनी रूपाचं पान नावासह पुढं ठेवलं.

हे कानावर आलं तसा बिभीषण प्रणयच्या ऑफिसात गेला.

"अबे, ये ना! चहा सांगू?"

"नावं का दिलीस?"

"बिभ्या, लोकांनी आपल्या हातानं लिहिलंय. कुणी डोक्यावर बसलं होतं का त्यांच्या?"

"मी शब्द दिला होता."

"तू दिला होतास," प्रणय हसला. "मी कुठं दिला होता?"

बिभीषण दाराकडं वळला. कॉलेजात असताना प्रणय सुट्टीत त्याच्या गावी यायचा. आई त्याला पहिली भाकरी वाढायची.

तो तसाच रूपाच्या घरी गेला. तिला कामावरून घरी बसवलं होतं. तिनं दारातच विचारलं, "आता काय लिहून घ्यायचंय, दादा?"

"रूपा, हे प्रणयनं केलं. मला माहीत नव्हतं."

"प्रणय कोण? मी त्याला कधी पाहिलंसुद्धा नाय. मी तुम्हाला ओळखत होते."

"तुझ्या साहेबांशी बोलतो मी."

"काय बोलाल? मी केलं नाय म्हणाल? केलं तर होतंच की." दार लावता लावता ती थांबली. "बाकीच्यांना तरी सांगा. त्यांच्या साहेबांना कळायच्या आधी."

तिच्या गल्लीतच गाडी उभी करून त्यानं फोन काढला. पहिला नंबर वाळूजच्या मोनिकाचा लावला. प्रणय जाण्याच्या आदल्याच आठवड्यात तिनं आपली चूक लिहिली होती.

"बोला दादा! पान वाचलं का माझं? आवडलं?"

त्यानं रूपाच्या बंद दाराकडं पाहिलं.

"दादा? आणखी लिहू का?"

"नको," तो म्हणाला. "मोनिका, आधी बस कुठंतरी."