समितीच्या दिवसापुरता प्राध्यापक

“सर, एक दिवस तरी प्रोफेसर दिसा,” असं म्हणून त्यानं माझ्या अंगावर कोट टाकला. तो संस्थेचा सचिव. अध्यक्षांचा पुतण्या. माझ्याच वर्गात शिकलेला. कोटाला डांबरगोळ्यांचा वास येत होता. असे कोट आमच्या कॉलेजच्या कपाटात टांगलेले असतात. विद्यापीठाची समिती तपासणीला आली की बाहेर निघतात.

ताथवड्याचं इंजिनिअरिंग कॉलेज. मी तिथं बरीच वर्षं तासावर शिकवतोय, म्हणजे जेवढे तास तेवढेच पैसे. पीएचडी आहे. वडील चाकणला प्रेस मशीनवर होते. पोरगा प्रोफेसर झाला, असं सांगत सुटायचे. तासावरच्या माणसाला स्टाफरूममध्ये खुर्ची नसते, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. डबा लॅबमागच्या जिन्यात खायचो. एकटाच.

समितीच्या दिवशी मात्र आम्ही कागदावर कायम प्राध्यापक, म्हणून केबिन. दारावर माझ्या नावाची पाटी. शिपाईमामा म्हणाले, “स्क्रू न्हाई मारत सर, टेपनं चिकटवतो. सांच्याला काढायचीच हाय.” आम्ही दोघंही हसलो. हसलो, हेच वाईट.

सुनीता मॅडमही तासावरच्याच. थर्मोडायनॅमिक्स शिकवायच्या. समितीतल्या एकानं त्यांना विचारलं, “आपण कायम आहात ना?”

“नाही सर. तासावर. हे सरही.”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. दाराशी सचिव उभा.

मी म्हणालो, “मॅडमचा काहीतरी गैरसमज झालाय. मी कायम आहे.”

पुढच्या सत्रात मॅडमना तास मिळाले नाहीत. त्यांचे तास मला दिले. मी घेतले.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

मागच्या महिन्यात चिंचवडला बसथांब्यावर त्या भेटल्या. आता एका कंपनीत स्टोअरला असतात. मला वाटलं, तोंड फिरवतील.

“थर्मो कोण घेतं हो सर आता?”

“मीच.”

“बरं झालं. पोरांचं नुकसान नको.”

बस आली, त्या गेल्या. शिवी दिली असती तर झेपली असती. मी माझ्या दोन बस सोडल्या.

आज सचिवानं पुन्हा कोट पुढं केला. समिती उद्या येतेय.

“नाही घालणार,” मी म्हणालो.

तो हसला. “कुणाला सांगणार सर? विद्यापीठ समिती पाठवतं. समिती कागद बघते. कागद आम्ही लिहितो.”

बाजूला बाकीचे तासावरचे बटणं लावून बघत होते. एकानंही मान वर केली नाही. कोणत्या तोंडानं रागवू? त्या दिवशी मी तर मान वर करून खोटं बोललो होतो.

अर्ज लिहून झालाय. संस्थेचं खोटं दुसऱ्या पानावर. पहिल्या पानावर माझं: मॅडम खरं बोलल्या, मी खोटं बोललो. खाली सही, पूर्ण नाव. हे मी समितीसमोर उभा राहून मोठ्यानं वाचणार. तास जातील. जावोत.

आत सोडलं नाही, तर गेटवर वाचीन. समितीची गाडी तिथूनच आत जाते.