आरशातली चाल

आमचे बाबा जन्मभर उलटी चित्रं काढत आले. परळच्या एका गिरणीत, छपाईखात्यात, ते तांब्याच्या रुळांवर नक्षी कोरायचे. रुळावर मोराचं तोंड डावीकडे असलं तर कापडावर ते उजवीकडे उमटतं, म्हणून सगळं आरशात पाहिल्यासारखं कोरावं लागे. "ह्यांना उलटं सांगा, म्हणजे सुलट कळेल," असं म्हणून चाळीतले लोक त्यांना चिडवत. बाबा हसून सोडून देत. मला मात्र चिडवणाऱ्यांचा राग यायचा.

माझा मोठा भाऊ गेला तेव्हा मी शाळेत होते. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला दादा लालबागहून गेला आणि गोळीबारात सापडला. पूर्वी गोविंदाच्या थरावरून पडून त्याचा एक पाय अधू झाला होता. चालताना तो पाय किंचित ओढायचा. पळता आलं असतं तर वाचला असता, असं जो तो येऊन आईला सांगायचा. समाचाराला जाऊन काय बोलू नये, हे लोकांना कुणी शिकवत का नाही, कोण जाणे. हार आले, भाषणं झाली. आईला त्यातलं काही नको होतं. सुरुवातीचे काही दिवस तिला गॅलरीतून येणारा तो ओढता पाय ऐकू यायचा. मग तोही येईनासा झाला, तेव्हा ती खरी घाबरली.

घरात दादाचा एकच फोटो, छातीपर्यंतचा, स्टुडिओत पावडर लावून काढलेला, मान ताठ. आई त्याच्याकडे पाठ करून बसायची. "ह्यो नुसतो बसान ऱ्हवता," म्हणायची. "माका तेका चलताना बघूचा आसा."

चालताना दाखवायचा कसा? सिनेमात माणूस मेल्यावरही चालतो हे खरं, पण त्यासाठी तो जिवंतपणी सिनेमात असावा लागतो. आमच्या चाळीतलं कोण असणार!

बाबांना मात्र त्यांच्या चित्रकलेच्या मास्तरांकडचं एक खेळणं आठवलं. सिनेमाच्या कितीतरी आधीचं, विलायतेहून आलेलं. थाळीएवढी पुठ्ठ्याची चकती, कडेला उभ्या चिरा, आणि आत गोलाने एकाच घोड्याची चित्रं, प्रत्येकात पाय जरासे पुढे. चित्रांची बाजू आरशाकडे धरून चकती फिरवायची आणि मागून, चिरांमधून, आरशात पाहायचं. नुसती फिरवली तर सगळं कालवल्यासारखं दिसतं. चिरेतून मात्र डोळ्याला एक चित्र क्षणभरच मिळतं, ते पुसायच्या आत दुसरं येतं, आणि घोडा धावू लागतो. सिनेमाचं मूळ असल्याच खेळण्यांत आहे, असं बाबा सांगत. फक्त तेव्हा तो एका वेळी एकाच माणसाला दिसायचा.

कित्येक रविवार बाबांनी गॅलरीत बसून चकती केली. तिची पाठ काजळीने काळी केली, मधोमध खिळा घालून गिरणीतली रिकामी बॉबिन मूठ म्हणून लावली. आणि गोलाने दादा काढला, पांढरा लेंगा, दुमडलेल्या बाह्यांचा शर्ट, प्रत्येक चित्रात जरासा पुढे गेलेला. हात सवयीने सारखा उलटा वळत होता, पण मी आवरून धरला, असं ते मला कौतुकाने सांगत होते. हे काही कापडावर छापायचं नव्हतं. आपला मुलगा, आपला झील तरी सुलटा काढायचा होता.

दाराशेजारी आरसा होता, दादा ज्यात बघून भांग पाडायचा तोच. सकाळी चकतीवर उजेड येईल असं बघून बाबांनी आईला तिथे उभं केलं आणि चकती फिरवली. मी आईच्या गालाला गाल लावून पाहिलं. दादा चालत होता. मान तशीच, हात तसेच. मी रडायला लागले.

आई रडली नाही. ती म्हणाली, "ह्यो माझो झील न्हय."

"काय बोलतंस?" बाबा म्हणाले.

"माझ्या झिलाचो डावो पाय वोडायचो. ह्यो उजवो वोडता."

बाबांनी चकती थांबवून पाहिली. पुठ्ठ्यावर डावाच पाय ओढत होता. मग त्यांनी आरशाकडे पाहिलं आणि चकती खाली ठेवली. जन्मभर आरशाच्या हिशेबाने हात चालवलेल्या माणसाला या एकाच वेळी आरशाचा विसर पडला होता. हात वळत होता तसा वळू दिला असता, तर दादा बरोबर आला असता.

"नवी करतंय," ते म्हणाले. पण पेन्सिल हातात घ्यायचे आणि परत ठेवून द्यायचे. महिने गेले, वर्षं उलटली. इकडे आई ती चुकलेली चकती रोज फळीवरून काढायला लागली. मी शाळेतून यावं तर ही आरशासमोर, एक डोळा मिटून. हळूहळू ती जेवू लागली, शेजाऱ्यांशी बोलू लागली. आई सावरते आहे म्हणून मी मनातून हरखले होते.

राज्य मिळालं त्या दिवशी चाळीत तोरणं लागली, पेढे वाटले. हुतात्म्याची आई म्हणून तिला शिवाजी पार्कला न्यायला माणसं आली. ती गेली नाही. बाबांची दुसरी चकती नेमकी तेव्हाच पुरी झाली होती. या वेळी त्यांनी हाताला मोकळं सोडलं होतं. आईला आरशासमोर बोलावून त्यांनी ती फिरवली. आरशात डावा पाय ओढत दादा चालू लागला. अगदी बरोबर.

आईने चकती थांबेपर्यंत पाहिलं.

"ह्यो माझो झील न्हय," ती म्हणाली.

"अगो, डावोच पाय आसा!" बाबा ओरडले. "तूच सांगितलंस मा?"

"म्हाईत आसा माका." तिने फळीवरच्या जुन्या चकतीकडे बोट केलं. "पण आता डोळे मिटले काय तोच येता."

नव्या चकतीची बॉबिन बाबांनी काढून घेतली आणि चकती ट्रंकेत तळाला ठेवली. खाली ढोल वाजत होते, पोरं गुलाल उधळत होती. मला आईचा भयंकर राग आला. सख्ख्या मुलाची चाल कोणी विसरतं का? निदान मला तरी ती आठवते, असं स्वतःला सांगत मी भिंतीकडे तोंड केलं आणि डोळे मिटले. गॅलरीतून दादा माझ्याकडे येत होता, उजवा पाय ओढत.