वासुदेवची शेड आणि माझी उदबत्ती

परवा अकोल्याला वासुदेवची नवी शेड पाहून आलो. पाहून आलो म्हणजे काय… जळून आलो, असंच म्हणावं लागेल.

वासुदेव आणि मी रिद्धपूरच्या शाळेत एकाच तरटावर बसायचो. पुढे दोघेही रस्त्यांच्या खात्यात ओव्हरसियर झालो. तो अकोल्याला, मी मोर्शीला. खात्यानं दोघांनाही रोड रोलर आणि लॉऱ्या ठेवायला एकेक शेड बांधायला सांगितली. जिचं काम उजवं ठरेल तिच्याच नकाशावरून वऱ्हाडातल्या बाकीच्या तालुक्यांत बांधकाम होणार होतं.

माझी शेड साहेबांनी आधीच पाहिली होती. "ठीक आहे" म्हणाले… एवढंच. आता ते नागपूरहून वासुदेवची पाहायला येणार होते, आणि आदल्या दिवशीच्या पूजेला त्यानं मला मुद्दाम निरोप पाठवून बोलावलं.

मोटारीनं अमरावती, मग बडनेऱ्याहून रेल्वे… साऱ्या वाटेनं माझं एकच मागणं चाललं होतं, देवा, त्याचं काहीतरी बिघडलेलं असू दे. रोज सकाळी पोथी वाचणारा माणूस मी. पण मागितलं खरं.

बिघडलेलं काहीच नव्हतं. छपराच्या आढ्याला फट, तिच्यावर छोटं दुसरं छप्पर, म्हणजे रोलरचा धूर आणि दुपारची आग वरच्या वर निघून जाते. लॉरीखाली उतरून काम करायचा खड्डा दगडानं बांधलेला, तळाला उतार, पाणी थेट नाल्याकडे. माझ्या खड्ड्याची भिंत काळ्या मातीनं एका पावसाळ्यात आत ढकलली… रोलरच्या बॉयलरचं पाणीसुद्धा त्याच्याकडे उंच टाकीतून नळानं येतं. माझ्याकडे अजून बादल्याच.

लोक वाहवा करत होते. मीही केली. तोंड कडू झालं होतं.

शेडच्या एका टोकाला लोहाराची भट्टी होती, तिला उदबत्ती लावायचं काम वासुदेवनं मला दिलं. लावली, हात जोडले, आणि पाहतो तर धूर भिंतीच्या कडेनं सरळ शेजारच्या खोलीच्या जाळीत शिरत होता. त्या खोलीत पेट्रोलचे डबे होते. वैशाखातला आपल्याकडचा पश्चिमेचा वारा… उद्या धुराच्या जागी ठिणगी गेली तर?

खरं सांगतो, पहिल्यांदा आनंद झाला. उद्या साहेबांना हे दिसलं, की नकाशा माझाच. मी फक्त गप्प बसायचं होतं.

प्रसाद हातात घेऊन बसलो. समोर लोहार आणि रोलरवाले रहीमचाचा त्याच जाळीला पाठ टेकून निवांत जेवत होते. तसाच उठलो, वासुदेवला हाताला धरून भट्टीपाशी नेलं आणि धूर दाखवला.

वाटलं, चिडेल. तो हसला. म्हणाला, "म्हणूनच तं तुले बोलावलं, गड्या. सारे वाहवा करून राहिले. मनापासून खोट काढणारा तुयाशिवाय कोण हाय मले?"

मी हळूच विचारलं, "मी जळून राहिलो, हे तुले मालूम होतं?"

"तरटावर बसत होतो तवापासून."

आवाराच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात फावड्या-टोपल्यांची सुटी खोली होती. चहा होईपर्यंत डबे तिकडे गेले, टोपल्या इकडे आल्या. जाळी गवंड्यानं विटांनी बुजवली.

साहेबांनी नकाशा पास केला… त्याचाच. माझ्या शेडच्या आढ्यालाही आता त्याच्यासारखी फट पाडायची आहे.

नकाशाचा हेवा अजून गेलेला नाही. पण त्याहून मोठा हेवा वेगळाच आहे. आपल्यावर जळणाऱ्या माणसाला त्यानं बोलावून घेतलं, आणि हातात उदबत्ती देऊन भट्टीपाशी उभं केलं. माझ्या शेडच्या पूजेला असा एकही माणूस नव्हता… मी सगळे वाहवा करणारेच बोलावले होते.