टेबलाला गाल

पेठेत पाण्याच्या जळालेल्या मोटारींची कॉइल भरून देणारा एक गडी माझ्या ओळखीचा आहे. आमच्या तालुक्यात रेल्वे नाही, पण त्याच्या टेबलावर मालगाडीचे वीतभर लांबीचे खेळण्यातले डबे असतात. विकतचे डबे चाकांवर फार उंच बसतात, हे त्याचं कायमचं दुखणं. कानशीनं डब्याचं बूड घासायचं, टेबलाला गाल टेकून एका डोळ्यानं बघायचं आणि म्हणायचं, "अजून उंटावानी दिसतंय, मास्तर."

परवा दुकानासमोर कांद्याचा ट्रक थांबला. भरलेली गाडी चाकांवर किती दबते, हे बघायला हा सरळ रस्त्यावर आडवा झाला. लोकांना वाटलं, फिट आली. शेजारच्या वडेवाल्यानं धावत येऊन फोडलेला कांदा त्याच्या नाकाला लावला. हा खेकसला, "बाजूला व्हा वो, चाक दिसंना!"

काल त्यानं मला बोलावलं. मीही टेबलाला गाल टेकला. खरंच, माल भरल्यासारखा डबा झकास दबून बसला होता. मला हलावंसं वाटेना.

दारातून वडेवाला ओरडला, "आता मास्तरलाबी आली!" आणि कांदा आणायला पळाला.

तो येईपर्यंत मी काही उठलो नाही.