धुतलेली ताटली

शून्य ही भारताने जगाला दिलेली थोर देणगी आहे. एकोणीसशे पन्नासच्या दशकाअखेरच्या एका हिवाळ्यात, तालुक्याच्या ज्या शेती कचेरीत मी नोकरीला होतो, तिला मीही अशी सहा शून्ये दिली.

बांद्याजवळ नातालीनबाईंच्या मिरचीत मी पिवळ्या रंगाची, पाण्याने भरलेली ताटली ठेवली होती. पंख फुटलेल्या माव्याला, म्हणजे पानांचा रस शोषणाऱ्या बारीक किडीला, पिवळा रंग कोवळ्या पानासारखा भासतो. तो उतरतो आणि बुडतो. दर गुरुवारी बुडालेले मोजायचे, आकडा चढू लागला की रोगट झाडे वेळीच उपटायची, म्हणजे एकाचा रोग मावा दुसऱ्याकडे नेत नाही. कापलेल्या भाताच्या खुंटांचा ओलसर वास घेत, दवातून चालत मी पोचे, तेव्हा ताटलीतल्या निर्मळ पाण्यात आभाळाखेरीज काही नसे. ते पाहून वाटणारी तृप्ती आठवली की अजून कान तापतात. कारण हातभर अंतरावर मिरचीची पाने रोगाने मुरडू लागली होती, आणि माझे डोळे वहीत होते.

ती मिरची बाईंच्या माहेरची, गोव्यातली. पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या गोव्याची सीमा बंद होण्याआधी बियाणे रुमालाच्या गाठीतून आले होते. आता सीमेवरच्या नाक्यापलीकडे त्यांची आई होती आणि अलीकडे ही चाळीस झाडे.

सातव्या गुरुवारी मी लवकर पोचलो. बाई ताटली घासत होत्या.

"बाई, हे काय करता?"

"दर खेपेक धुतंय मां, मास्तर! किडे मरान पडतत. इतक्या लांबसून येतंस रे पुता, तुका घाणेरडी ताटली कशी दाखवूची?"

ताटली हलवू नका, एवढेच मी सांगितले होते. ती कशासाठी, हे सांगायचे राहिले होते. बाई ती धुऊन नेमकी जागच्या जागी ठेवत.

ते मी तेव्हा सांगितले. तापलेल्या मुलाच्या कपाळाला हात लावावा तसे एकेक पान उलटून पाहत बाईंनी सदतीस झाडे स्वतः उपटली. न्हाणीमागची तीन तेवढी सरळ पानांची होती. त्यांच्या बुंध्यांना त्यांनी मातीची भर दिली. मग उठून म्हणाल्या, "चाय घेतलंस? धुतलेलो कप चलात मां तुका?"

इतका गोड चहा आणि इतका अवघड घोट पुन्हा वाट्याला आला नाही.

सहाही नोंदी चुकीच्या असल्याचे मी कचेरीला कळवले. नोंदवलेले आकडे बदलता येत नाहीत, असे उत्तर आले. त्यामुळे कागदोपत्री त्या हंगामात सातव्या गुरुवारपर्यंत तिथे मावा आलाच नाही.