तानाबाईचा बुधवार

घाटंजीच्या दवाखान्यात ज्या रोग्याजवळ बसायला घरचं कुणी नसतं, त्याच्याजवळ आमच्या ‘सोबत’ गटाची बाई बसते. पाणी देते, सलाईनची बाटली धरून त्याला मोरीपर्यंत नेते, सिस्टरला हाक मारते. प्रत्येकीचा एक वार ठरलेला. बुधवार तानाबाईचा.

तानाबाई शेतमजूर. पन्नाशीची, काटक. गटात ती कुणाच्या सांगण्यावरून आली नाही. यवतमाळला तिचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा तीन दिवस तिच्याजवळ कुणी नव्हतं. शेजारच्या खाटेवरच्या रोग्याची बहीण तिला उठवायची, बसवायची. “त्या बाईचं नावही नाही इचारलं मी,” ती एकदा मला म्हणाली, “आता कोणाचं करू? म्हणून दिसंल त्याचं करतो.” वारांची यादी माझ्याकडे असते; त्या दिवसापासून तिचा बुधवार मी कधी दुसरीला दिला नाही.

गट चाळीस जणांचा झाला आणि गोंधळ वाढला. एक म्हातारा दिवसभर एकटा पडून राहिला, कारण दोघींना वाटलं दुसरी जाईल. तेव्हा गटातले निवृत्त शिक्षक किसनराव म्हणाले, नियमावली हवी. त्यांनी मसुदा केला, मी तो स्वच्छ लिहिला. दवाखान्यासमोर गटातल्याच आयशाबींच्या नवऱ्याचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथे मसुदा चिकटवला, खाली जोड्याच्या खोक्याला चीर पाडून सूचनापेटी ठेवली. आठ दिवसांत तीन चिठ्ठ्या निघाल्या. दोन ओळखपत्राच्या रंगाबद्दल, एक चहाबद्दल.

“म्हणजे हरकत कोणाचीच नाही,” किसनराव खुशीत म्हणाले.

आयशाबी हसल्या. “अजी गुरुजी, आमच्यातल्या अर्ध्या बायांना लिवता येत नाही. पेटीत काय बोट टाकतील?”

मी ओशाळले. इतकं सुवाच्य लिहिलं होतं, आणि कुणासाठी, हा विचारच शिवला नव्हता.

मग बाजाराच्या दिवशी, बाया गावात येतातच म्हणून, दुकानापुढे सतरंजी टाकून मसुदा मोठ्याने वाचायचं ठरलं. भाजीच्या पिशव्या मांडीशी घेऊन वीसेक जणी बसल्या. सहा नियम माना हलवत पार पडले. सातवा मी वाचला : ‘सलग तीन वार गैरहजर राहणाऱ्या स्वयंसेवकाचे नाव यादीतून कमी करण्यात येईल.’

तानाबाई पिशवी उचलून उभी राहिली. “मंग माह्यं नाव आजच काढा. दिवाळीपासून कापूस वेचाले जा लागते. दोन-अडीच महिने माहा बुधवार काही होत नाही.”

“बसा हो तानाबाई,” किसनराव म्हणाले. “हा नियम तुमच्यासाठी नाही, दांड्या मारणाऱ्यांसाठी हाय.”

“नियमाले काय मी वेगळी दिसतो, गुरुजी?”

बाया हसल्या. किसनरावांना हसू आलं नाही. “अन् तो म्हातारा दिवसभर एकटा पडला, त्याचं काय? कोण कधी येईल याचा भरवसा नको?”

प्रश्न खोटा नव्हता. तानाबाई उभीच होती.

“वेचणीत एखादीचं लेकरू रडलं,” ती सावकाश म्हणाली, “ते पाजाले ती वावराच्या धुऱ्यावर गेली, त तिच्या ओळीची पात आम्ही दुसरीले देऊन टाकतो काय? इकडची बाई दोन झाडं वेचते, तिकडची दोन वेचते. ती येते, आपल्या पातीले लागते. मालकालेही मालूम नाही पडत.”

“शेतात बाजूले बाई असते. इथं बाजूले कोण हाय?” किसनराव म्हणाले.

“मी हाव ना!” आयशाबी म्हणाल्या. “मंगळवार माझा, बुधवार हिचा. वेचणीत मी दोन्ही दिवस बसते. मग रोज्यांच्या महिन्यात माझे मंगळवार हिनं करावे.”

“करतो,” तानाबाई म्हणाली. “पण न सांगता जी दांडी मारंल तिले काढाच. मलेही काढा.”

किसनरावांनी खिशातला लाल पेन काढला. सातवा नियम खोडून त्यांनी नवा लिहिला आणि वाचला : ‘पूर्वसूचनेद्वारे अनुपस्थित...’

“आधी सांगाचं, असं लिहा ना सरळ!” तानाबाईने अडवलं.

त्यांनी तेही खोडलं. ‘येणं होत नसेल तर आधी सांगायचं. शेजारच्या वाराची बाई बसेल. नाव कायम राहील.’ खाली त्यांनी हट्टाने जोडलं : ‘तीन महिने करून पाहू.’ त्याला कुणी हरकत घेतली नाही.

दिवाळीनंतर आयशाबी दोन्ही दिवस बसू लागल्या. कुरकुरल्याही. “माझी कंबर काय सरकारी हाय?” असं एकदा मलाच सुनावलं. बदलीला दोन बुधवार मी बसले.

डिसेंबरातल्या एका बुधवारी मी त्यांना डबा द्यायला गेले, तर तानाबाई वॉर्डाच्या दारात. आदल्या दिवशी पावसाचा शिडकावा झाला होता.

“बोंडं ओली हायेत, वेचणी बंद,” ती म्हणाली. “उठा आयशाबी, घरी जाऊन आंग टाका. आज माहा वार हाय.”

आयशाबींनी स्टूल सोडलं. खाटेवर पडलेल्या, बंजारा तांड्यावरच्या म्हातारीने घाबरून त्यांचा पदर धरला. तानाबाई तिच्या तोंडासमोर येऊन बसली.

“ही पण आपलीच हाय,” आयशाबी म्हातारीला म्हणाल्या, आणि तिची बोटं सोडवून हलकेच तानाबाईच्या हातात दिली.